पुण्यातच राहणाऱ्या मुलांना ब्रांचमुळे नोकरीत खरंच किती फरक पडतो?

सिंहगडरोडकर
नमस्कार मंडळी. मुलीची सीईटी झाली, ९२ च्या आसपास पर्सेंटाइल आहे, आता कॅपचा (इंजिनिअरिंगच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेचा) ऑप्शन फॉर्म भरायचाय. घर पुण्यातच आहे, तिने इथेच शिकावं आणि जमलं तर नोकरीही इथेच करावी असं आम्हाला वाटतं, तिलाही वाटतं. पण घरात दोन पार्ट्या पडल्यात. मेहुणे म्हणतात कॉलेज कसलंही चालेल पण ब्रांच कॉम्प्युटर नाहीतर एआय पाहिजे, बाकी सगळं म्हणजे पैसे पाण्यात. मुलीला इलेक्ट्रॉनिक्स किंवा मेकॅनिकल हवंय, आणि तिला ते नुसतं मैत्रिणीने घेतलं म्हणून नकोय, खरंच आवड आहे.

आता आमच्या सोसायटीत बघायला गेलं तर काही ताळमेळच लागत नाही. एक मुलगा मेकॅनिकल करून हिंजवडीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करतो. एक मुलगी बीए सायकॉलॉजी, तिला सगळे नावं ठेवायचे, ती आज बाणेरला एचआरमध्ये मजेत आहे. एक एमएस्सी केमिस्ट्री झालेला हुशार मुलगा दोन वर्षं घरी बसून. आणि कॉम्प्युटर झालेला एक जण अजून "इंटरव्ह्यू चालू आहेत" म्हणतोय. तर मग विषयाने नक्की काय ठरतं? की सगळं नशीबच? ज्यांनी जवळून बघितलंय त्यांनी सांगा प्लीज, यूट्यूबवरचे काउन्सेलर ऐकून डोकं फिरलंय.

भोसरी_शॉपफ्लोअर
मेकॅनिकल म्हणजे सदाबहार ब्रांच असं आम्हालाही सांगितलं होतं हाहा.

सिरीयसली बोलायचं तर पुण्यात मेकॅनिकलला काम नाही हे साफ खोटं आहे. भोसरी, चाकण, तळेगाव, रांजणगाव, सगळा पट्टा गाड्या आणि गाड्यांच्या पार्ट्सवर चालतो. काम आहे. पगार नाही, हा खरा प्रॉब्लेम. मोठ्या कंपनीत थेट जीईटी (ग्रॅज्युएट इंजिनिअर ट्रेनी) म्हणून लागणारी मुलं मोजकी. बाकीचे व्हेंडरकडे, म्हणजे मोठ्या कंपनीला पार्ट्स पुरवणाऱ्याकडे जातात, क्वालिटी नाहीतर प्रॉडक्शनला, सुरुवात पंधरा-वीस हजारांनी, तेही ट्रेनी म्हणून, आणि शिफ्ट. पाच-सहा वर्षं टिकला, टूलिंग, पीपॅप (नवा पार्ट कस्टमरकडून मंजूर करून घेणं), कस्टमर ऑडिट वगैरे हातात आलं की मग माणसाला भाव येतो. तोपर्यंत निम्मी पोरं कंटाळून आयटीचा क्लास लावतात.

आणि एक गंमत सांगतो, आमच्याकडे आयटीआय झालेला मशिनिस्ट जो व्हीएमसीचा (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या कटिंग मशीनचा) प्रोग्राम स्वतः मारतो, त्याला नव्या बीईपेक्षा जास्त पगार आहे आणि तो सोडून गेला तर मालकाला झोप लागत नाही. बीई मात्र जाहिरात टाकली की शंभर येतात. त्यामुळे कोणता विषय एवढ्यावर थांबू नका, त्या विषयाचं तुमच्याच शहरात कोण विकत घेतं आणि तसे आणखी किती जण रांगेत उभे आहेत ते बघा.

बेंचवर_बसलेला
मेहुण्यांचं अर्धंच बरोबर. आयटीत पैसा आहे, पण आयटीत जायला कॉम्प्युटर ब्रांचच लागते असं कुठंय? मोठ्या सर्व्हिस कंपन्या, म्हणजे दुसऱ्यांची सॉफ्टवेअरची कामं करून देणाऱ्या, वर्षानुवर्षं सगळ्या ब्रांचची पोरं घेत आल्यात, सिव्हिल झालेलीसुद्धा, ॲप्टिट्यूड क्लिअर केली की झालं, पुढे तेच ट्रेनिंग देतात. ब्रांचचा खरा फरक पडतो स्वतःचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या प्रॉडक्ट कंपन्यांमध्ये, आणि तिथे तरी ब्रांचपेक्षा कोडिंग राऊंडच बघतात.

दुसरं असं की २०२४-२५ पासून एआयसीटीईने (तंत्रशिक्षणाची केंद्रीय परिषद) चांगल्या चाललेल्या कॉलेजांना एका ब्रांचमध्ये किती सीट घ्यायच्या यावरची मर्यादाच काढून टाकली. मग काय, कॉम्प्युटर, एआय, डेटा सायन्सच्या तुकड्यांवर तुकड्या. सर्व्हिस कंपन्यांचा फ्रेशरचा पगार मात्र साडेतीन लाखाच्या आसपासच अडकलाय, मी लागलो तेव्हाही जवळपास तेवढाच होता आणि तेव्हा वडापाव दहा रुपयांना होता. २०२१-२२ ला भरती नुसती धो धो चालली होती, नंतर दोन वर्षं अशी आटली की ऑफर लेटर हातात घेऊन पोरं जॉइनिंगची वाट बघत बसली. त्यात कॉम्प्युटरचीही होतीच की. आज ॲडमिशन घेणारी मुलगी चार वर्षांनी बाहेर पडणार, तेव्हा बाजारात काय चालू असेल यावर पैज लावणारा मेहुणा मला पण हवाय.

आकडेमोडे_सर
मी अर्थशास्त्र शिकवतो, त्यामुळे थोडं लांबण लागेल, सांभाळून घ्या.

आधी आकड्यांकडे बघू. सरकारचा पीएलएफएस नावाचा सर्व्हे २०१७-१८ पासून चालू आहे, बेरोजगारीचे बहुतेक आकडे तिथूनच येतात. त्यावर आधारित आयएलओ (आंतरराष्ट्रीय कामगार संघटना) आणि दिल्लीच्या इन्स्टिट्यूट फॉर ह्यूमन डेव्हलपमेंटचा २०२४ चा अहवाल आहे, त्यात २०२२ चा आकडा असा की तरुण पदवीधरांमध्ये बेरोजगारी २९.१ टक्के आणि लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांमध्ये ३.४ टक्के. हा आकडा व्हॉट्सॲपवर फिरला की लोक म्हणतात बघा, शिकून काय मिळालं. पण त्यातून तसं काही निघत नाही. ज्याला लिहिता येत नाही तो बेरोजगार राहूच शकत नाही, त्याला उद्या सकाळी मजूर अड्ड्यावर उभं राहावंच लागतं, मिळेल ते आणि मिळेल त्या पैशात. सर्व्हेत "बेरोजगार" व्हायला काम नसावं लागतं आणि ते शोधत किंवा करायला तयार असावं लागतं. महिनोन्‌महिने असं शोधत बसणं कोणाला परवडतं? ज्याच्या घरात दुसरं कोणीतरी कमावतंय त्याला.

आता सिंहगडरोडकरांच्या सोसायटीकडे या. तो एमएस्सी केमिस्ट्रीवाला घरी बसू शकतो कारण घर आहे. त्याला कुरकुंभच्या केमिकल कंपनीत लॅबला अठरा हजारांची नोकरी मिळणारच नाही असं नाही, पण दीड-दोन तास जाऊन तेवढ्यात राबायचं का, त्यापेक्षा सेट-नेट देऊ, पीएचडी बघू, असं चालतं. म्हणजे शहरातल्या मुलांमध्ये "नोकरी आहे की नाही" यावरून विषयाची किंमत ठरवायला गेलात की फसणार, कारण त्यात थांबण्याची ऐपत मिसळलेली असते. बीए झालेली मुलगी पटकन लागली यात सायकॉलॉजीचा वाटा असेलही, पण तिने पहिली मिळेल ती रिक्रूटमेंटची नोकरी घेतली का, हे विचारा. बहुतेक हो म्हणेल.

दुसरी अडचण. पीएलएफएस इतकी वर्षं पदवीधर आहे का विचारत आला, इंजिनिअरिंग-मेडिकलसारखं तांत्रिक शिक्षण आहे का तेही विचारत आला, पण साधा पदवीधर असेल तर बीए, बीकॉम की बीएस्सी हे विचारतच नव्हता. आणि देशात सगळ्यात जास्त पोरं तर तिथेच. २०२१-२२ च्या उच्च शिक्षण सर्व्हेत पदवीला असलेल्यांपैकी ३४.२ टक्के आर्ट्सला, १४.८ सायन्सला, १३.३ कॉमर्सला आणि ११.८ इंजिनिअरिंगला होते. तेव्हा "बीकॉमवाल्यांपेक्षा बीएवाले इतके टक्के मागे" असं पीएलएफएसचं नाव घेऊन कोणी सांगितलं तर आकडा कुठून काढला ते आधी विचारा.

मग विषयाने काही फरक पडत नाही का? पडतो. नॉर्वेत प्रवेश आपल्या कॅपसारखेच कटऑफने होतात. तिथल्या संशोधकांनी २०१६ मध्ये एक छान काम केलं, कटऑफच्या जेमतेम वर आणि जेमतेम खाली असलेली मुलं घेतली, म्हणजे हुशारी जवळपास सारखी, फक्त एकाला हवा तो विषय मिळाला आणि दुसऱ्याला पुढच्या पसंतीचा. पुढे कमाईत मोठा फरक विषयामुळे पडलेला दिसला, कॉलेज कोणतं याने त्यामानाने कमी. आणि ज्या विषयात ज्यांना सरस जमतं ते तोच विषय निवडतात, असंही त्यातून दिसलं. नॉर्वे म्हणजे पुणे नव्हे, तिथे कॉलेजाकॉलेजातला फरक आपल्याएवढा भयानक नसतो, हे धरून चालायचं. पण मुलीची आवड हा लाडाचा मुद्दा आहे असं समजून उडवून लावू नका, एवढं मी नक्की म्हणेन.

सिंहगडरोडकर
सर, डोळे उघडले. पण मग मी बाप म्हणून काय करू? "थांबायची ऐपत" आमच्याकडे आहे असं धरलं तर ती चांगली गोष्ट की वाईट?

आकडेमोडे_सर
चांगलीच. तीच ऐपत घरी बसायला वापरता येते आणि तीच कमी स्टायपेंडवर भारी ठिकाणी शिकायलाही वापरता येते. सीएची आर्टिकलशिप बघा ना, दोन वर्षं जेमतेम पैशात. शहरात घर असलेल्याला ते झेपतं.

मायक्रो_वाली
सगळ्या चर्चेत मुलगी आहे हा मुद्दा कोणीच काढला नाही, आश्चर्य आहे. २०२३-२४ च्या पीएलएफएसमध्ये शहरी भागातल्या १५ वर्षांवरच्या बायकांपैकी २८ टक्केच काम करणाऱ्या किंवा काम शोधणाऱ्या आहेत, पुरुष ७५.६ टक्के. म्हणजे बाकीच्या बायका बेरोजगारीच्या आकड्यात सुद्धा येत नाहीत, त्या हिशोबातूनच बाहेर. त्यात माझ्या एमएस्सी मायक्रोबायोलॉजीच्या बॅचच्या कितीतरी जणी असणार.

विषय आणि नोकरी यांच्या मधे मुलींच्या बाबतीत बस येते. हो, कंपनीची बस. माझं क्यूसी (क्वालिटी कंट्रोल) लॅबचं काम होतं, आवडीचं, पण दुसऱ्या शिफ्टहून घरी यायला साडेबारा वाजायचे. बस आमच्या भागात येत होती म्हणून चार वर्षं केलं, बरोबरीची जी आंबेगावला राहायची तिच्याकडे बस जात नव्हती, तिने सोडलं आणि बीएड केलं. विषय तोच, मार्क तिचे माझ्यापेक्षा जास्त.

मेकॅनिकलच्या मुलींना मुलाखतीत अजून विचारतात, शॉपफ्लोअरला उभं राहायला जमेल का, लग्नाचं काय ठरलंय. उलट हल्ली चाकणकडे काही ठिकाणी पूर्ण लाइन मुली चालवतात, ते पण खरं आहे, पण त्या बहुतेक ट्रेनी असतात, इंजिनिअर कमी. म्हणून घाबरून ब्रांच बदला असं मी म्हणत नाहीये. डिझाइन, सिम्युलेशन, टेस्टिंग, एम्बेडेड ही कामं पुण्यात भरपूर आहेत, ऑफिसातली आहेत आणि त्यात मुली बऱ्याच दिसतात. तिला इलेक्ट्रॉनिक्सही चालणार असेल तर माझं मत तिकडे, कारण गाडीत आता निम्मं काम वायरिंग आणि कंट्रोलरचंच झालंय आणि कंटाळा आला तर आयटीचं दारही उघडं राहतं.

आणि दादा, एक सरकारी गोष्ट, उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल आणि ईडब्ल्यूएस, एसईबीसी किंवा ओबीसीत बसत असाल तर २०२४ पासून मुलींची व्यावसायिक कोर्सची शिक्षण फी पूर्ण माफ आहे. कॉलेजवाले आपणहून सांगतीलच असं नाही.

कॉटबेसिस
तुमचं सगळं वाचायलोय मघापासून. मी परभणीचा, बीए, नवी पेठेत कॉट बेसिसवर राहतोय, अभ्यासिकेत दिवस जातो, एमपीएससी. सरांनी म्हणलेलं पटलं पण एक बाजू राहिली. घरी बसायची ऐपत नसलेली पोरं पण थांबतेत की. आमच्या अभ्यासिकेत बीए तर हायेतच, पण बीई मेकॅनिकल, बी फार्म, ॲग्री सगळे हायेत. बाप रान विकून नाहीतर कर्ज काढून पैसे पाठवायलाय. का थांबतेत? कारण बाहेर जी पंधरा हजाराची नोकरी हाय तेवढ्यात पुण्यात कॉट, मेस आणि पेट्रोलच भागतंय, घरी एक रुपया पाठवता येत नाही. तुमच्या पोरीला तेच पंधरा हजार म्हणजे खिशात पंधरा हजार. सेम डिग्री, सेम कंपनी. म्हणून पुण्यातलं पोरगं दोन वर्षं काढून पुढं सरकतंय अन्‌ आमचं सहा महिन्यात गावाकडं नाहीतर अभ्यासिकेत. नंतर दोघांचे पगार बघून लोक म्हणतेत कॉलेजचा फरक.

अन्‌ बीए म्हणलं की कंपनीवाले अर्ज वाचायलाच तयार नाहीत, ते कोणी नाकारू नका. कॉल सेंटर, बँकेचं कर्ज-वसुली, डिलिव्हरी, एवढंच. बाणेरच्या ताईचं इंग्लिश चांगलं असणार.

सिंहगडरोडकर
भाऊ, तुमचा मुद्दा डोक्यातच आला नव्हता. मुलीला वाचायला दिलं. परीक्षेसाठी शुभेच्छा.

भोसरी_शॉपफ्लोअर
@कॉटबेसिस शंभर टक्के. आमच्याकडे गावाकडचा पोरगा ओव्हरटाइम मागतो, पुण्याचा सुट्टी मागतो. दोघंही आपापल्या जागी बरोबर.

बेंचवर_बसलेला
फॉर्म भरायच्या आधी एक काम करा. कॉलेजच्या फ्लेक्सवरचं "९५ टक्के प्लेसमेंट" सोडून द्या, त्यात एका पोराला तीन ऑफर असतील तर तीन मोजतात, आणि "पात्र विद्यार्थ्यांपैकी" असं बारीक अक्षरात असतं, म्हणजे बॅकलॉगवाले आधीच बाहेर. कॉलेजच्या वेबसाइटवर एनआयआरएफची (सरकारी कॉलेज-रँकिंगची) पीडीएफ असते, ती शोधा. त्यात किती पास झाले, किती लागले, किती पुढे शिकायला गेले आणि पगाराचा मिडियन, म्हणजे रांगेतल्या बरोबर मधल्याचा पगार, किती, हे तीन वर्षांचं असतं. ॲव्हरेज नको, मिडियन बघा, एका चाळीस लाखवाल्याने ॲव्हरेज कुठल्या कुठे जातं. फक्त त्यात ब्रांचप्रमाणे वेगळं दिलेलं नसतं, सगळं बीई एकत्र. ब्रांचचं हवं असेल तर प्लेसमेंट सेलला जाऊन मागच्या वर्षीची नावांची यादी मागा, किंवा सरळ लिंक्डइनवर त्या कॉलेजची तीन-चार वर्षांपूर्वीची इलेक्ट्रॉनिक्सची पोरं शोधा आणि आज कुठे आहेत बघा.

मायक्रो_वाली
आणि त्यात मुली वेगळ्या मोजा.

सिंहगडरोडकर
दोन कॉलेजच्या पीडीएफ काढल्या. एकात पगाराचा मिडियन फ्लेक्सवरच्या ॲव्हरेजच्या निम्मा निघाला. मेहुण्यांना पाठवलंय, निळी टिक आली, उत्तर नाही अजून. लिंक्डइनचं मुलगी आणि मी रविवारी बसून करतो. इलेक्ट्रॉनिक्स वर टाकायचं आणि कॉम्प्युटर खाली, की त्याच कॉलेजचे दोन्ही लागोपाठ टाकायचे? पहिला ऑप्शन लागला तर सीट आपोआप फ्रीझ होते ना?

बेंचवर_बसलेला
हो, पहिला लागला की पुढच्या राऊंडला पर्याय नाही, तीच सीट घ्यायची. म्हणून पहिल्या नंबरला तेच टाका जे मिळालं तर तिला खरंच हवंय, मेहुण्यांना नव्हे.