मेंदूतला ‘उजळलेला’ भाग वर्गात कसा समजावून सांगावा?

प्रश्न: भौतिकशास्त्राची प्राध्यापिका, चोपडा

नमस्कार. बी.एस्सी. द्वितीय वर्षाला चुंबकत्वाचा पाठ संपवताना मी फंक्शनल एमआरआयचे, म्हणजे मेंदू काम करत असताना त्यात होणारे बदल टिपणाऱ्या तपासणीचे, एक चित्र पडद्यावर दाखवले. करड्या मेंदूच्या डाव्या बाजूला नारिंगी ठिपका होता आणि बोलताना हा भाग उजळतो, असे मी सांगितले. तेव्हा यावलकडच्या एका विद्यार्थ्याने उभे राहून विचारले, “मॅडम, आम्ही घरी अहिराणी बोलतो. तेव्हाही हाच ठिपका उजळतो की दुसरा?” मी घाईत “दुसरा” म्हणून गेले. त्या उत्तराला माझ्याकडे कोणताही आधार नव्हता आणि ते मला अजून टोचते आहे. यंत्र जवळ नसताना हा विषय प्रामाणिकपणे कसा शिकवावा?

उत्तर १: मेंदू-प्रतिमांकनाचा संशोधक व अध्यापक, मूळ गाव अमळनेर

मॅडम, सर्वप्रथम ‘उजळतो’ हा शब्द बाजूला ठेवावा, कारण मेंदूत काहीही उजळत नाही. तो रंग आपण नंतर संगणकावर भरतो. यंत्र विचार मोजत नाही, रक्तातील बदल मोजते. ऑक्सिजन सोडून दिलेले हिमोग्लोबिन किंचित चुंबकीय असते आणि भोवतीच्या चुंबकीय क्षेत्रात गडबड करते, तर ऑक्सिजन धरलेले हिमोग्लोबिन तसे करत नाही. हा फरक पॉलिंग आणि कोरिएल यांनी १९३६ मध्ये दाखवला आणि सेइजी ओगावा यांनी १९९० मध्ये त्याच्या आधारे मेंदूची प्रतिमा घेता येते हे सिद्ध केले.

आपल्याकडच्या मुलांना हे केळीच्या बागेवरून लगेच कळते. दारे धरणाऱ्याने पाणी वळवले, तरी ते वाफ्यात पोहोचायला वेळ लागतो, आणि पोहोचते तेव्हा मुळांच्या गरजेपेक्षा जास्तच पोहोचते. तसेच पेशी कामाला लागल्या की ऑक्सिजनचा खप थोडा वाढतो, पण रक्ताचा पुरवठा त्याहून पुष्कळ वाढतो. त्यामुळे गडबड करणारे हिमोग्लोबिन तेथे उलट कमी होते आणि यंत्राला मिळणारा संकेत वाढतो. ही वाढ साधारण एकदोन टक्क्यांचीच असते आणि तिचा कळस पाच-सहा सेकंदांनी येतो. वर्गात मी याचा आलेख मुलांकडून हातानेच काढून घेतो, कारण तो विलंब एकदा स्वतःच्या पेन्सिलीने काढला की विसरत नाही.

अहिराणीबद्दल सांगायचे तर, लहानपणापासून दोन भाषा बोलणाऱ्यांच्या मेंदूत त्या भाषांचे भाग बहुतांशी सामाईक आढळतात. मोठेपणी शिकलेल्या भाषेसाठी थोडा वेगळा भाग दिसल्याचा निष्कर्ष १९९७ च्या एका गाजलेल्या अभ्यासात होता. पुढे भाषेवरील प्रभुत्वही महत्त्वाचे ठरते असे दिसले. म्हणून “बराचसा तोच” हे उत्तर सत्याच्या अधिक जवळचे आहे.

उत्तर २: एमआरआय तंत्रज्ञ, जळगाव

एक गोष्ट विद्यार्थ्यांना अवश्य सांगावी: आमच्या यंत्राचे चुंबक रात्रीही चालूच असते. बायकांच्या साडीची पिन आणि पुरुषांच्या खिशातली चुन्याची डबी आधी काढून घेतो. शिवाय रुग्णाने दोन-तीन मिलिमीटर डोके हलवले तरी प्रतिमा बिघडते, मग बोलायला लावणे किती अवघड असेल, याचा विचार करावा.

उत्तर ३: संख्याशास्त्राचा शिक्षक, शहादा

प्रत्येकाला नाणे पाच वेळा उडवायला सांगा. ६४ मुले असतील, तर सरासरी दोघांना पाचही वेळा छापा येतो आणि त्यात त्यांचे कौशल्य काहीच नसते. मेंदूच्या प्रतिमेतही असे हजारो ठोकळे, म्हणजे प्रतिमेचे बारीक घनाकृती तुकडे, एकेक करून तपासले जातात, म्हणून काही नुसत्या योगायोगानेही ‘सक्रिय’ दिसतात. २००९ मध्ये अमेरिकेत काही संशोधकांनी मेलेला सामन मासा यंत्रात ठेवून त्याला माणसांची छायाचित्रे दाखवली. आकडेमोडीत योग्य दुरुस्ती न करता पाहिले, तेव्हा त्या माशाच्या मेंदूतही ‘सक्रिय’ ठिपके निघाले. ही गोष्ट ऐकल्यावर मुले कोणत्याही रंगीत चित्राखालचा आकडा आधी विचारतात.

प्रश्नकर्तीचे उत्तर

सर्वांचे मनापासून आभार. माझे उत्तर चुकले होते, हे मी आज वर्गात त्या विद्यार्थ्याला सर्वांसमोर सांगितले. त्यावर त्याने लगेच विचारले, “मग अहिराणीची तुलना कशाशी करायची?”

उत्तर ४: संशोधक, अमळनेर

त्याला सांगावे की एकाच अर्थाची वाक्ये अहिराणीत, मराठीत आणि त्याला अजिबात न येणाऱ्या मल्याळममध्ये, वीस-वीस सेकंदांच्या तुकड्यांत ऐकवायची, कारण रक्त सावकाश येते. मग प्रत्येक भाषेच्या संकेतातून मल्याळमचा संकेत वजा करायचा. नुसता आवाज ऐकण्याने जे घडते ते त्यात बहुतांशी गळून पडते आणि भाषा समजण्याशी निगडित भाग मागे उरतो.