डीपमाइंडच्या आधीचे डेमिस हसाबिस: खेळांच्या धंद्यातली वर्षे कशी वाचावीत?

जिज्ञासू_वाचक

डेमिस हसाबिस यांना २०२४ साली जॉन जम्पर आणि डेव्हिड बेकर यांच्यासह रसायनशास्त्राचे नोबेल मिळाल्यानंतर त्यांच्यावर पुष्कळ लिहिले गेले. पण बहुतेक लेख बुद्धिबळातल्या बालपणावर एक परिच्छेद खर्च करून थेट २०१० सालच्या, डीपमाइंड या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कंपनीच्या स्थापनेवर येतात. मला मधल्या काळाचे कुतूहल अधिक आहे. किशोरवयातच एका गाजलेल्या संगणकीय खेळात मोठा वाटा, मग केंब्रिजची पदवी, मग स्वतःची कंपनी, २००५ मध्ये ती बंद, आणि त्यानंतर मेंदूविज्ञानात पीएचडी, असा हा प्रवास आहे. त्यातली खेळांच्या धंद्यातली वर्षे पुढच्या संशोधनाला खरोखर उपयोगी पडली, की यश मिळाल्यावर मागे पाहून लावलेली ती संगती आहे?

जुना_प्रोग्रामर

माझ्या मते उपयोगी पडली, आणि त्याचा पुरावा 'थीम पार्क' या १९९४ सालच्या खेळातच सापडतो. केंब्रिजने हसाबिस यांना वय कमी असल्यामुळे एक वर्ष थांबायला सांगितले होते. ते वर्ष त्यांनी बुलफ्रॉग या कंपनीत काढले आणि खेळ-रचनाकार पीटर मोलिन्यू यांच्याबरोबर या खेळाची रचना केली. मुख्य प्रोग्रामरही तेच होते. या खेळात मनोरंजन उद्यान चालवायचे असते. उद्यानात फिरणारा प्रत्येक पाहुणा तिथे आपापली भूक, तहान आणि मनःस्थिती घेऊन वावरतो. बटाट्याच्या तळलेल्या कापांवर मीठ वाढवले की पेयांची विक्री वाढते, आणि पोट भरल्यावर लगेच जोरदार झोक्यात बसलेले पाहुणे उलट्या करू लागतात. खेळाडू पाहुण्यांना थेट हुकूम देत नाही. तो परिस्थिती बदलतो आणि पात्रे तिला प्रतिसाद देतात. हे नियम माणसांनी हाताने लिहिलेले होते, त्यात यंत्राचे शिकणे नव्हते, हे खरे. तरीही परिसर, त्यात वावरणारा घटक आणि त्याच्या वर्तनाला मिळणारे फळ अशा रीतीने विचार करण्याची सवय त्यांना सतराव्या वर्षीच लागली होती, आणि रीइन्फोर्समेंट लर्निंगची, म्हणजे कृतीला मिळणाऱ्या फळावरून यंत्राला शिकवण्याच्या पद्धतीची, मांडणीही याच तीन गोष्टींवर उभी आहे.

पदवीनंतर ते मोलिन्यू यांच्या लायनहेड कंपनीत काही काळ होते. तिथे 'ब्लॅक अँड व्हाइट' या खेळाच्या कृत्रिम बुद्धिमत्तेचे काम त्यांच्याकडे होते, आणि त्या खेळातला प्राणी खेळाडूच्या शाबासकीवरून आणि शिक्षेवरून शिकतो. हा दुवा मला थीम पार्कपेक्षाही महत्त्वाचा वाटतो.

साशंक

वरील उत्तरात एलिक्झर स्टुडिओजचा उल्लेखच नाही, हे लक्षणीय आहे. ही कंपनी हसाबिस यांनी १९९८ मध्ये लंडनमध्ये काढली. तिचा पहिला खेळ 'रिपब्लिक: द रेव्होल्यूशन' हा नोव्हिस्त्राना नावाच्या काल्पनिक देशावर बेतलेला होता, आणि सुरुवातीची घोषणा अख्खा जिवंत देश संगणकात उभा करण्याची होती. त्या वेळच्या यंत्रांना ते पेलणारे नव्हते. २००३ मध्ये बाजारात आलेला खेळ मूळ कल्पनेच्या मानाने फारच आटोपशीर निघाला, २००४ चा 'ईव्हिल जीनियस' लोकांना आवडला तरी कंपनी तगली नाही, आणि २००५ मध्ये ती बंद झाली. काळाच्या पाच वर्षे पुढे असावे, पन्नास वर्षे नव्हे, असा धडा त्यातून मिळाल्याचे हसाबिस पुढे मुलाखतींत सांगत आले आहेत. धडा चांगला आहे, पण कंपनी बुडाल्यावर तो कोणत्याही धंद्यात मिळतो.

श्रेयाबाबतही सावध राहावे. डीपमाइंडला नाव मिळवून देणाऱ्या २०१३ च्या अटारी शोधनिबंधाचे (यंत्राने जुने अटारी व्हिडिओ गेम खेळायला शिकण्याविषयीच्या) पहिले लेखक व्होलोदिमिर म्निह आहेत, आणि ते टोरांटोच्या न्यूरल नेटवर्कच्या (मेंदूतल्या पेशींच्या जाळ्यावरून सुचलेल्या शिकणाऱ्या प्रणालींच्या) परंपरेतून आले होते. डीपमाइंडचे एक सहसंस्थापक शेन लेग हे यंत्रबुद्धीच्या सैद्धांतिक व्याख्येवर पीएचडी करून आले होते. यांपैकी कोणाचाही रस्ता बुलफ्रॉगवरून गेलेला नाही.

स्मृती_अभ्यासक

प्रश्न खेळांविषयी आहे हे मान्य, पण या कारकिर्दीतला सर्वांत विचारपूर्वक घेतलेला निर्णय खेळ सोडल्यानंतरचा आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. कंपनी बंद झाली तेव्हा हसाबिस तिशीच्या उंबरठ्यावर होते आणि संगणकशास्त्रातच पीएचडी करणे त्यांना सोपे गेले असते. त्यांनी युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमध्ये एलेनॉर मॅग्वायर यांच्या मार्गदर्शनाखाली स्मृतीवर काम करायचे ठरवले. लंडनच्या टॅक्सीचालकांच्या हिप्पोकॅम्पसचा, म्हणजे मेंदूतल्या स्मृतीशी निगडित भागाचा, अभ्यास करणाऱ्या त्या याच मॅग्वायर.

२००७ सालच्या त्यांच्या शोधनिबंधातला प्रयोग साधा आहे. हिप्पोकॅम्पसला दोन्ही बाजूंनी इजा होऊन स्मृती गेलेल्या पाच रुग्णांना काही प्रसंग कल्पून वर्णन करायला सांगितले. उदाहरणार्थ, तुम्ही उष्ण प्रदेशातल्या एका सुंदर उपसागराच्या पांढऱ्या वाळूवर पहुडला आहात, तर काय काय दिसते ते सांगा. एकाचा अपवाद सोडता या रुग्णांना सलग दृश्य उभे करता आले नाही. वाळू, पाणी, आकाश असे सुटे तुकडे येत, पण ते एका जागेत बसत नसत. ज्यांना भूतकाळ आठवत नाही त्यांना न घडलेले कल्पिणेही अवघड जाते, याचा अर्थ स्मृती ही साठवलेल्या नोंदींची वखार नसून दृश्य पुन्हा बांधण्याची क्रिया आहे, असा निष्कर्ष त्यातून निघाला. 'सायन्स' नियतकालिकाने त्या वर्षीच्या दहा महत्त्वाच्या वैज्ञानिक घडामोडींत या संशोधनाची गणना केली.

एखादी कृती करण्यापूर्वी तिचे परिणाम मनात रचून पाहायचे, तर नेमकी हीच क्षमता लागते, आणि नियोजन करणारे यंत्र बनवू पाहणाऱ्याला तिच्यात रस असणे स्वाभाविक आहे. मात्र येथेही दुवा ताणू नये. अटारीच्या प्रणालीत जुने अनुभव साठवून त्यांतून यादृच्छिकपणे पुन्हा शिकण्याची जी युक्ती आहे, तिची तुलना हिप्पोकॅम्पसच्या कार्याशी डीपमाइंडच्या २०१५ च्या 'नेचर'मधील शोधनिबंधातच केलेली आहे. ती युक्ती मात्र लाँग-जी लिन यांच्या १९९० च्या दशकाच्या सुरुवातीच्या कामातली आहे. मेंदूविज्ञानाने ती शोधून दिली नाही. ती योग्य दिशेची आहे असा विश्वास फार तर दिला.

जिज्ञासू_वाचक

या उत्तरांनी बरेच स्पष्ट झाले, आभारी आहे. एक पोटप्रश्न उरतो. एक कंपनी बुडालेली, हाती विकण्याजोगे काही नाही, आणि सर्वसाधारण यंत्रबुद्धी (माणसासारखे कोणतेही काम शिकू शकणारे यंत्र) हा विषय तेव्हा विद्यापीठांतही फारसा प्रतिष्ठित नव्हता. अशा स्थितीत पैसे कोणी आणि का दिले?

जुना_प्रोग्रामर

२०१० मध्ये हसाबिस, लेग आणि मुस्तफा सुलेमान यांनी डीपमाइंड स्थापन केली, तेव्हा सुरुवातीच्या गुंतवणूकदारांत पीटर थील होते. हसाबिस यांनी सांगितलेली हकिकत अशी की, एका परिषदेनंतरच्या मेजवानीत थील यांच्याभोवती आपापल्या योजना मांडणाऱ्यांची गर्दी असणार हे ओळखून त्यांनी योजनेचा विषयच काढला नाही. त्यांनी बुद्धिबळ काढले, आणि उंट व घोडा यांची ताकद जवळपास सारखी असूनही चाली अगदी वेगळ्या असल्यामुळे पटावर जो ताण निर्माण होतो, त्याबद्दल बोलले. थील स्वतः बुद्धिबळपटू असल्याने त्यांनी दुसऱ्या दिवशी भेटीला बोलावले. साशंक यांना हा निव्वळ योगायोग वाटेल, परंतु तेराव्या वर्षी सुमारे २३०० गुणांकनापर्यंत पोहोचलेला माणूसच असे संभाषण घडवू शकतो.

पैसे मिळाल्यावर त्यांनी विकाऊ उत्पादनाकडे न वळता जुन्या अटारी खेळांना हात घातला, आणि हा निर्णय मला खेळ बनवणाऱ्या माणसाचाच वाटतो. पडद्यावरचे ठिपके आणि गुणसंख्या एवढेच यंत्राला द्यायचे. नियम सांगायचे नाहीत. खेळात गुण आपोआप मोजले जातात, हवे तितके डाव खेळता येतात आणि हरण्याने कोणाचे नुकसान होत नाही. २०१३ च्या शोधनिबंधातल्या सात खेळांपैकी सहांत ही पद्धत आधीच्या पद्धतींपेक्षा सरस ठरली, तर ब्रेकआउट, एन्ड्युरो आणि पाँग या तीन खेळांत तिने तज्ज्ञ मानवी खेळाडूलाही मागे टाकले. जानेवारी २०१४ मध्ये गूगलने कंपनी विकत घेतली. किंमत सुमारे ४० कोटी पौंड असल्याच्या बातम्या तेव्हा आल्या होत्या.

आता साशंक यांच्या श्रेयाच्या मुद्द्याविषयी. म्निह यांच्याबद्दलचे विधान बरोबर आहे, पण त्याच शोधनिबंधाच्या लेखकांत डेव्हिड सिल्व्हर हेही नाव आहे. सिल्व्हर केंब्रिजमध्ये हसाबिस यांच्याबरोबर होते, एलिक्झरच्या स्थापनेत त्यांचे सहकारी होते, आणि नंतर रीइन्फोर्समेंट लर्निंगमध्ये पीएचडी करण्यासाठी अल्बर्टा विद्यापीठात गेले. २०१६ मध्ये 'गो' या पटावरच्या खेळातले अव्वल खेळाडू ली सेडोल यांना ४-१ असे हरवणाऱ्या अल्फागो या डीपमाइंडच्या प्रणालीचे नेतृत्व त्यांच्याकडेच होते. बंद पडलेल्या एलिक्झरमधून डीपमाइंडला काय मिळाले हे मोजायचे असेल, तर मी खेळांच्या आधी सिल्व्हर यांचे नाव घेईन.

साशंक

सिल्व्हर यांचा मुद्दा मान्य. बुद्धिबळाच्या गप्पांबाबत मात्र माझी शंका कायम आहे, कारण ती हकिकत आपल्यापर्यंत पोहोचली ती ज्याला पैसे मिळाले त्याच्याच तोंडून.