‘आता तू नुसती बस’ : वडीलधाऱ्यांच्या हातचे काम काढून घेणे ही माया की अन्याय?

कुळागरवाला (सत्तरी, गोवा)

गेल्या वर्षी आईचे खुब्याचे हाड मोडले, शस्त्रक्रिया झाली, ती काठी घेऊन हिंडूफिरूही लागली. पण तेव्हापासून घरातल्या सगळ्यांनी, मी धरून, तिला एकच वाक्य ऐकवायला सुरुवात केली : ‘आता तू नुसती बस.’ दर चवथीला माटोळीचे, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या फळाफुलांच्या चौकटीचे, सामान ती सांगेल तसे रानातून आणि आमच्या सुपारी-नारळाच्या कुळागरातून येत असे. गेल्या खेपेस आम्ही ते बाजारातून विकत आणून बांधून टाकले. आई घरापुढच्या बल्कांवात बसून राहिली आणि दुपारी तिने दोनदा विचारले, ‘आज वार कोणता?’

ऑक्युपेशनल सायन्स नावाची एक विद्याशाखा आहे. आजारानंतर माणसाला रोजची कामे पुन्हा करता यावीत म्हणून मदत करणाऱ्या व्यवसायोपचाराच्या (ऑक्युपेशनल थेरपीच्या) क्षेत्रातूनच ती १९८९ मध्ये दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात एलिझाबेथ येर्क्सा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उभी केली. तिच्यातला ‘ऑक्युपेशन’ म्हणजे नोकरीधंदा नव्हे. माणूस ज्या ज्या गोष्टींत आपला वेळ आणि जीव घालतो ते सगळे त्यात येते, मग ते दात घासणे असो, शेत कसणे असो की भजनात टाळ धरणे असो. मराठीत त्याला ‘व्यवसाय’ म्हटले की दुकान डोळ्यांसमोर येते, म्हणून मला आपला ‘व्याप’ हा शब्द अधिक जवळचा वाटतो. ऑस्ट्रेलियाच्या अ‍ॅन विल्कॉक यांनी १९९८ च्या सुमारास मांडले की करणे, असणे आणि होत जाणे या तिन्हींचा आरोग्याशी थेट संबंध आहे. नंतर इतरांनी त्यात ‘कुणाचे तरी असणे’ हे चौथे जोडले. आम्ही आईचे करणे काढून घेतले आणि उरलेल्या तिन्हींनाही धक्का लावला. माझ्या मते हा अन्यायच आहे, मायेने केलेला असला तरी.

फोंड्याची सून

आपल्या आईविषयीची तळमळ समजते, परंतु या विद्येचा हा गोडवा मला पटत नाही. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्या बिनमोल कामासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देत असल्याचे आढळले. जे पुरुष ते करत होते त्यांची सरासरी ९७ मिनिटे होती. आयुष्यभर विळीवर नारळ खवून, रगड्यावर वाटून जिचे मनगट गेले, तिच्या कामाला आता ‘अर्थपूर्ण व्याप’ म्हणायचे आणि तिने बसायचे ठरवले तर तिचे आरोग्य बिघडेल असे सांगायचे, हे पुरुषांच्या सोयीचे शास्त्र आहे. काम केले की भलेच होते हे गृहीतकच तपासायला हवे. रिबेका ट्विन्ली या इंग्लंडमधील अभ्यासिकेने याच शाखेत राहून ‘ऑक्युपेशन’च्या काळ्या बाजूविषयी लिहिले आहे, तेही वाचावे.

उपचारक (म्हापसा)

मी व्यवसायोपचारक आहे, म्हणून दोघांनाही थोडे अडवतो. कुळागरवाल्यांनी वर्णन केलेल्या स्थितीला ‘व्यापवंचन’ म्हणता येईल, पण ती संज्ञा सैल वापरू नये. गेल व्हाइटफर्ड यांनी ती मांडली तेव्हा त्यांच्या अभ्यासात न्यूझीलंडच्या तुरुंगातले कैदी होते : माणसाच्या स्वतःच्या आवाक्याबाहेरच्या कारणांमुळे गरजेच्या किंवा अर्थाच्या कामांपासून तो दीर्घकाळ दूर राहणे, असा तिचा आशय आहे. शस्त्रक्रियेनंतरचे पहिले काही आठवडे काम थांबणे हा केवळ खंड असतो. हाड सांधल्यावरही घरचे लोक दार अडवून उभे राहिले, तर ते वंचन.

दुसरे असे की स्वतःची निगा, उत्पादक काम आणि फुरसत ही आम्हाला शिकवलेली तिहेरी विभागणी पाश्चात्त्य शहरी जीवनातून आली आहे, अशी टीका कॅनडाच्या कॅरेन व्हॅली हॅमेल यांनी केली आहे आणि गोव्यात ती पावलोपावली खरी ठरते. माटोळीसाठी कांगले, घागऱ्या, कवंडळे शोधत रानात जाणे कोणत्या खान्यात टाकायचे? ते श्रमही आहेत, पूजाही आहे, आणि कोणते फळ कुठल्या झाडाला येते हे नातवाला दाखवणेही आहे. 

डिचोलीचा

आमच्या भागातले सांगतो. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या, पुढे सुरू झाल्या, आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्टे रद्द ठरवल्यावर पुन्हा थांबल्या. वडिलांच्या खनिजवाहू ट्रकच्या हप्त्यांची चिंता तर होतीच, पण त्यांचे जे झाले ते पैशात मोजता येत नाही. ट्रक कुठेही जायचा नव्हता, तरी ते पहाटे साडेचारला उठून तो धूत, चाकांची हवा तपासत आणि सहा वाजता घरात येऊन बसत. त्या खाणींनी आमच्या विहिरींचे आणि शेतांचे काय केले हे मला माहीत आहे, त्या पुन्हा सुरू व्हायला हव्या होत्या असे मी म्हणत नाही. पण म्हणूनच फोंड्याच्या ताईंचे म्हणणे मला अर्धेच पटते : काम वाईट होते, तरी ते गेल्यावर माणूस रिकामा झाला.

फोंड्याची सून

तुमच्या वडिलांचे वाचून वाईट वाटले. परंतु ट्रक त्यांनी स्वतः घेतला होता. रगडा आम्हाला विचारून कोणी दिला नव्हता. म्हणून कुळागरवाल्यांना माझा एकच प्रश्न आहे. एवढी नावे आणि साले तुम्ही गोळा केलीत, पण तिला काय करायचे आहे, हे आईला विचारलेत का?

कुळागरवाला (सत्तरी)

विचारले नव्हते, हे कबूल करतो. काल रात्री विचारले. स्वयंपाकाचे नाव काढताच तिने हात झटकला. ‘साठ वर्षे केले, पुरे झाले,’ म्हणाली. केर नको, वाटण नको. मग बराच वेळ गप्प राहून म्हणाली की या वर्षी तोरिंगे बाजारातली आणू नका, मागच्या कुळागरातल्या झाडाची आणा, आणि माटोळीत कुठे काय बांधायचे ते मी खुर्चीत बसून सांगेन. मी बरे म्हटले. त्यावर ती म्हणाली, ‘आणि सुपारीचे शिपटे गेल्या वर्षी उलटे बांधले होते तुम्ही.’