जबड्याखाली सूज: गालगुंड की आणखी काही? (सोसायटीच्या ग्रुपवरची चर्चा, नावांऐवजी घर क्रमांक)

ए-२०३: एक विचारायचं होतं. ह्यांच्या उजव्या जबड्याखाली परवापासून सूज आहे. ताप नाही. गालगुंड असेल का? मुलांना जवळ जाऊ देत नाहीये.

बी-१०१: गालगुंडच, दुसरं काय! गरम लेप लावा, चार दिवसांत बसेल.

सी-४०२: थांबा काका. (मी कान-नाक-घशाची डॉक्टर, म्हणून मध्ये पडते.) वहिनी, सूज दिवसभर तेवढीच असते की जेवताना वाढते?

ए-२०३: अगं हो! दोन घास गेले की टम्म फुगते, ठणकते. तासा-दोन तासांनी उतरते.

सी-४०२: मग आधी लाळेच्या नळीत खड्याचा संशय. गालगुंडात बहुधा कानाच्या पुढची लाळेची ग्रंथी सुजते, ताप-अंगदुखी असते आणि सूज जेवणागणिक चढत-उतरत नाही.

बी-३०१: लाळेत खडा? मुतखडा ऐकलाय 😳

सी-४०२: तसाच, कॅल्शियमचा. लाळेतले सुमारे ८० टक्के खडे जबड्याखालच्या ग्रंथीतच होतात. तिथली लाळ घट्ट असते आणि नळी खालून वर, जिभेखाली येते. घास तोंडात गेला की लाळ सुटते, वाट अडलेली, म्हणून ग्रंथी फुगते. जिभेखाली बोट फिरवलं तर कधीकधी खडा हातालाही लागतो. भरपूर पाणी, आंबट गोळी चघळणं, मागून पुढे हलकं चोळणं, याने लहान खडे निघतात. पण ताप आला, कातडी लाल झाली किंवा तोंडात पू आला तर त्याच दिवशी दाखवा. तुंबलेल्या लाळेत जंतू वाढतात. सोनोग्राफी तर करूनच घ्या.

ए-५०४: आईचे दोन्ही गाल सुजतात, तोंड कोरडं, डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं. तेही हेच का ताई?

सी-४०२: नाही, ते वेगळं वाटतंय. शोग्रेन नावाचा आजार असू शकतो, त्यात शरीर स्वतःच्याच ग्रंथींवर उलटतं. सांधेही दुखत असतील तर संधिवाततज्ज्ञांकडे न्या. चालू गोळ्यांची यादी सोबत ठेवा, ॲलर्जीच्या आणि नैराश्यावरच्या काही गोळ्यांनीही तोंड कोरडं पडतं.

बी-१०१: माझ्या कानापुढे वर्षभर गाठ आहे. दुखत नाही म्हणून सोडून दिलीय.

सी-४०२: काका!! सूज दुखत नाही तीच आधी दाखवायची. अशा बहुतेक गाठी साध्या निघतात, पण तपासल्याशिवाय कळत नाही. चेहऱ्याची नस कानापुढच्या त्याच लाळेच्या ग्रंथीतून जाते. तोंड वाकडं होतंय का? डोळा नीट मिटतो का?

बी-१०१: मिटतो.

सी-४०२: बरं. तरी उद्या दहाला दवाखान्यात या. लेप न लावता.