पीएलसी क्लासमध्ये आधी लॅडर (प्रोग्रॅमिंग) की आधी वायरिंग?

पॅनलवाला_भोसरी:
भोसरी-चाकण पट्ट्यात पीएलसीचे (मशीन चालवणाऱ्या प्रोग्रॅमेबल कंट्रोलरचे) क्लास गल्लोगल्ली झालेत आणि तिथून बाहेर पडलेली पोरं सिम्युलेटरवर ट्रॅफिक सिग्नल, बॉटल फिलिंग सगळं झकास चालवून दाखवतात, पण हातात स्क्रूड्रायव्हर दिला की गप्प. परवा इंटरव्ह्यूला एकाला मित्सुबिशीचा एफएक्स-थ्रीयू पीएलसी दिला, एक एनपीएन प्रॉक्सिमिटी सेन्सर (इनपुटला शून्य व्होल्ट देणारा) दिला, म्हटलं जोड. सेन्सरवरचा दिवा लागतोय, पीएलसीच्या इनपुटचा काही लागेना, आणि हा बाबा लॅपटॉप उघडून प्रोग्रॅम बघतोय! अरे एनपीएन आहे ना, मग एस/एस टर्मिनलला, म्हणजे इनपुटच्या कॉमनला, प्लस २४ दे, पीएनपी (प्लस २४ देणारा) असता तर शून्य दिला असतास, विषय संपला. माझं स्पष्ट मत, पहिला महिना लॅपटॉपला हातच लावू देऊ नका.

लॅडर_आणि_चहा:
साहेब, सिंक-सोर्स (हेच एनपीएन-पीएनपीचं जोडणं) एका दुपारी शिकवून होतं हो, त्याला महिना कशाला? रात्रपाळीत मशीन थांबलं, सगळे इनपुट येतायत आणि सिलिंडर पुढे जात नाही, तेव्हा लॅपटॉप पीएलसीला जोडून, चालू प्रोग्रॅममध्ये त्या आउटपुटच्या कॉइलपासून मागे मागे वाचत कुठला कॉन्टॅक्ट (कुठली अट) अडवतोय हे ज्याला कळतं तोच लाइन सुरू करतो, बाकीचे मल्टीमीटर घेऊन प्रदक्षिणा घालतात. १९६८ ला जनरल मोटर्सने अशा कंट्रोलरची मागणी केली तीच मुळी मॉडेल बदललं की रिले पॅनलची वायरिंग उचकटायला लागू नये म्हणून. आणि तुम्ही पोरांना परत वायरीतच बसवताय.

मेंटेनन्सवाली:
लॅडरभाऊ, प्लांटवर या एकदा. फॉल्ट पीएलसीच्या कार्डात किंवा प्रोग्रॅममध्ये क्वचितच सापडतो, तो असतो सेन्सरच्या कनेक्टरमध्ये नाहीतर ढिल्या टर्मिनलला. आमच्याकडे प्रेशरचं रीडिंग उड्या मारत होतं, ट्रेनीने प्रोग्रॅममध्ये फिल्टर टाकून ते गुळगुळीत केलं आणि खूश. बघितलं तर सेन्सरच्या ४-२० मिलिअँप सिग्नलची केबल ड्राइव्हच्या (मोटरचा वेग बदलणाऱ्या युनिटच्या) मोटर केबलला चिकटून एकाच ट्रेमधून नेलेली, शील्ड कुठेच अर्थ केलेली नाही. केबल वेगळी काढली, शील्ड पॅनलच्या टोकाला अर्थ केली, फिल्टर काढून टाकला.

लॅडर_आणि_चहा:
मान्य ताई, पण तो फिल्टर तिथे आहे हे तुम्हाला प्रोग्रॅम वाचता येतो म्हणूनच दिसलं ना?

आयटीआय_वायरमन:
क्लासवाल्यांची बाजू कोणीच घेत नाही म्हणून मी घेतो. आमच्या बॅचला किट एकच होतं, त्याच्यावर एका वेळी दोघं बसणार, बाकीच्यांनी सिम्युलेटर नाही तर काय भिंत बघायची? पण एक गोष्ट सरांनी भारी केलेली. किटच्या मागे टॉगल स्विच बसवलेले, एक पाडला की सेन्सरची वायर तुटल्यासारखी, दुसरा पाडला की आउटपुटचा कॉमन गायब. आम्हाला चहाला पाठवायचे आणि तेवढ्यात एक पाडून ठेवायचे. लॅपटॉप वापरा नाहीतर मीटर, शोधा.

पॅनलवाला_भोसरी:
हे आवडलं. बरं, महिना नको, पंधरा दिवस. त्याच्या खाली मी येणार नाही 😄

मेंटेनन्सवाली:
आणि त्या पंधरा दिवसांत फोर्स (लॅपटॉपवरून इनपुट-आउटपुट जबरदस्तीने चालू किंवा बंद धरून ठेवणं) कुठल्या वेळी करायचा नाही हे पण घाला. मशीनच्या सेफ्टी गार्डच्या दरवाज्याचा इनपुट फोर्स करून मशीन चालवणारे बघितलेत मी. बऱ्याच पीएलसीत लॅपटॉप काढून नेला तरी फोर्स तसाच राहतो, पुढच्या शिफ्टवाल्याला पत्ताही नसतो.

लॅडर_आणि_चहा:
यावर वाद नाही. पण फोर्स लागलाय की नाही हे लॅपटॉप न उघडता कसं बघणार, पॅनलवाले साहेब?

पॅनलवाला_भोसरी:
सीपीयूवर दिवा असतो की!

लॅडर_आणि_चहा:
सगळ्यांवर नसतो.