मदत हवी आहे: ग्लेन गेल्यावर 'द वॉकिंग डेड' पुढे बघावी का?

नमस्कार मंडळी. मी नाशिकची, सिडकोत राहते. रात्री जेवणं आटोपली की मी आणि धाकटी बहीण 'द वॉकिंग डेड' या झोंबींच्या मालिकेचा एक भाग बघतो. सहावा सीझन संपताना खलनायक नीगनची बॅट कुणावर पडली ते दाखवलंच नाही. २०१६ मध्ये लोकांनी एप्रिल ते ऑक्टोबर कशी कळ काढली असेल! आम्ही लगेच पुढचा भाग लावला. आधी नायकाच्या गटातला अब्राहम गेला. संपलं एकदाचं, असं वाटेपर्यंत ग्लेन. पहिल्या सीझनमध्ये रणगाड्यात अडकलेल्या नायकाला, रिकला, वायरलेसवरून वाट दाखवणारा तोच पोरगा हो! त्याच्या बायकोकडे, मॅगीकडे, तर बघवेना. बहीण रडतच उठली, आता मालिकेचं नाव काढू देत नाही.

मृत्यू दाखवा, पण इतक्या जवळून दाखवायला नको होता, असं मला मनापासून वाटतं.

एकूण ११ सीझन, १७७ भाग आहेत, अर्ध्यावर सोडवत नाही. ज्यांनी पूर्ण पाहिली त्यांनी सांगा: सातव्या-आठव्या सीझनमधले कोणते भाग मी आधी एकटीने बघावेत? तुम्ही या भागानंतर पुन्हा कधी सुरू केलीत? मॅगीचं पुढे काय होतं ते मात्र कृपया लिहू नका, बहीणही इथलं वाचते.