प्रकल्पाची तारीख कोणी ठरवावी: प्रमुखाने की काम करणाऱ्यांनी?

मूळ मांडणी: यंत्र अभियंता, चाकण

वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या आमच्या क्षेत्रात गेल्या काही वर्षांत प्रत्येक निर्णय 'सर्वांना विश्वासात घेऊन' करण्याची पद्धत रूढ झाली आहे. ऐकायला हे चांगले वाटते; प्रत्यक्षात मात्र डिझाइन, टूलरूम (साचे बनवणारा विभाग), खरेदी आणि गुणवत्ता या सगळ्या विभागांची माणसे बैठकीला बसतात, प्रत्येक जण आपल्या विभागाची अडचण सांगतो, इतिवृत्त लिहिले जाते आणि साच्याची पहिली ट्रायल कधी होणार हा प्रश्न पुढच्या बैठकीवर ढकलला जातो. ग्राहक कंपनीने गाडीचे उत्पादन सुरू करण्याची तारीख दिलेली असते आणि ती आपल्यासाठी थांबत नाही. म्हणून माझे स्पष्ट मत असे आहे की प्रकल्पाची अंतिम तारीख एकाच माणसाने ठरवली पाहिजे, ती सर्वांसमोर जाहीर केली पाहिजे आणि ती हलवण्याचा अधिकार त्या माणसाशिवाय कोणालाही असता कामा नये.

यासाठी कोकण रेल्वेचे उदाहरण देतो. जुलै १९९० मध्ये महामंडळ स्थापन झाले आणि ई. श्रीधरन त्याचे अध्यक्ष व व्यवस्थापकीय संचालक झाले. रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंत ७४१ किलोमीटरचा मार्ग, नव्वदहून अधिक बोगदे आणि लहानमोठे मिळून सुमारे दोन हजार पूल असे ते काम होते. मार्गाचे महाड, रत्नागिरी उत्तर, रत्नागिरी दक्षिण, कुडाळ, गोवा, कारवार आणि उडुपी असे साधारण शंभर-शंभर किलोमीटरचे सात विभाग करून प्रत्येकावर एक मुख्य अभियंता नेमण्यात आला आणि त्याला जागेवर निर्णय घेण्याचे अधिकार देण्यात आले. पुढे दिल्ली मेट्रोचे काम करताना याच श्रीधरन यांनी मुदतीचे किती दिवस उरले हे दाखवणारी उलटी घड्याळे कार्यालयांत आणि बांधकामाच्या जागी लावली आणि मेट्रोचा पहिला टप्पा नियोजित मुदतीच्या आधी पूर्ण केला. तारीख एकाची आणि ती पाळण्याची जबाबदारी सर्वांची, अशी शिस्त असल्याशिवाय हे घडले नसते. आपल्याकडे माणसे हुशार आहेत, साधनेही आहेत. अभाव आहे तो 'ही माझी तारीख' असे म्हणणाऱ्या प्रमुखाचा.

प्रतिसाद: सॉफ्टवेअर प्रकल्प व्यवस्थापक, हिंजवडी

आपण निवडलेल्या उदाहरणाबद्दल मला आदर आहे, पण त्यातली एक महत्त्वाची गोष्ट आपण वगळली आहे. कोकण रेल्वे ठरलेल्या तारखेला पूर्ण झाली नाही. उद्दिष्ट पाच वर्षांचे होते. संपूर्ण मार्ग खुला झाला तो २६ जानेवारी १९९८ रोजी. मधल्या काळात गोव्यातील मार्गाच्या आखणीविरुद्ध आंदोलन झाले, त्यामुळे १९९३ मध्ये तिथले काम काही महिने थांबले. त्याहून मोठी अडचण मातीची होती. कठीण कातळातले बोगदे यंत्रांनी वेगाने पुढे गेले, पण पाण्याने भिजलेल्या मऊ मातीतले बोगदे पुन्हा पुन्हा ढासळत राहिले, आणि पेडण्याच्या बोगद्यासाठी तर दोन्ही बाजूंचे तयार रूळ वाट पाहत राहिले. म्हणजे तारीख बदलली ती प्रमुखाच्या मर्जीने बदलली नाही, मातीमुळे बदलली. त्या मातीचा अंदाज सर्वांत आधी कोणाला आला असेल? बेलापूरच्या मुख्यालयातल्या कोणाला नव्हे, तर बोगद्याच्या तोंडाशी उभ्या असलेल्या माणसाला.

माझ्या कामात हेच रोज घडते. तारीख विक्री विभागाने ग्राहकाला आधीच दिलेली असते आणि मग संघाला विचारले जाते, 'जमेल ना?' या प्रश्नाला 'नाही' असे उत्तर देण्याची सोयच ठेवलेली नसते. दर शुक्रवारी प्रगतीचा तक्ता भरला जातो आणि प्रत्येक कामासमोर हिरवा रंग लावला जातो. दुसऱ्या कंपनीच्या पेमेंट गेटवेशी आपली प्रणाली जोडायची आहे, त्यांच्याकडून चाचणीसाठी लागणारी माहिती आलेलीच नाही, हे त्या भागावर काम करणाऱ्या मुलीला पहिल्या आठवड्यापासून ठाऊक असते. तरीही तिच्या ओळीत रंग हिरवाच राहतो, कारण रंग लाल केला की तासाभरात तिला बैठकीला बोलावले जाते आणि 'हे आधी का सांगितले नाही' असे विचारले जाते. मग शेवटच्या पंधरवड्यात सगळा तक्ता एकदम लाल होतो, वरचे अधिकारी आणखी चार माणसे देतात, आणि त्या चौघांना काम समजावून सांगण्यात जुन्या लोकांचे उरलेसुरले दिवस संपतात. अंदाज काम करणाऱ्यानेच दिला पाहिजे. प्रमुखाने तो तपासावा, शंका विचाराव्यात, पण आपली तारीख त्याच्या तोंडी घालू नये.

प्रतिसाद: निवृत्त शासकीय अभियंता, कोल्हापूर

दोन्ही मांडण्या वाचल्या. माझे आयुष्य पाटबंधाऱ्याच्या कामांत गेले आणि तारीख कोणी ठरवली यावरून तिथे फारसा फरक पडला असे मला कधी दिसले नाही, कारण तारीख ठरवणारा माणूस ती उजाडेपर्यंत त्या खुर्चीवर नसतोच. महाराष्ट्रात बदल्यांसंबंधी २००५ चा कायदा आहे आणि त्यानुसार एका पदावरचा सर्वसाधारण कालावधी तीन वर्षांचा आहे. धरणाच्या कालव्याला भूसंपादन, पुनर्वसन, वन विभागाची परवानगी आणि सुधारित प्रशासकीय मान्यता यांतून जावे लागते. तेवढ्या काळात कार्यकारी अभियंत्याच्या पदावर एकामागून एक माणसे येऊन जातात. नवा अधिकारी पदभार घेतो, फायली वाचतो, शेतकऱ्यांशी आधीच्या साहेबांनी तोंडी काय कबूल केले होते ते त्याला माहीत नसते, आणि संवाद पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरू होतो. खालच्या शाखा अभियंत्याला हे सर्व ठाऊक असल्यामुळे तो कोणत्याही तारखेला मान हलवतो. ही तारीख पाहायला साहेब असणार नाहीत, हे त्याला पक्के माहीत असते.

कोकण रेल्वेच्या यशाचे गमक मला इथे दिसते. रेल्वेच्या नेहमीच्या रचनेबाहेर स्वतंत्र महामंडळ काढले गेले, त्याच्या भागभांडवलात केंद्राचे ५१ टक्के, महाराष्ट्राचे २२, कर्नाटकाचे १५ आणि गोवा व केरळ यांचे प्रत्येकी ६ टक्के असे वाटे ठरले, बाकीचा पैसा रोख्यांतून उभा राहिला, आणि प्रमुख सात वर्षे तोच राहिला. गोव्याचे आंदोलन असो की मऊ मातीचा बोगदा, अडचण ज्याच्यासमोर उभी राहिली त्यालाच ती निस्तरावी लागली. चाकणचे गृहस्थ ज्याला शिस्त म्हणतात ती या स्थैर्यातून येते. खासगी कंपन्यांतही दीड-दोन वर्षांनी प्रकल्प प्रमुख नोकरी बदलतो, हे मी माझ्या मुलाकडून ऐकतो. तेव्हा हा प्रश्न केवळ सरकारी नाही.

प्रतिसाद: सॉफ्टवेअर चाचणी विभागातील कर्मचारी, नागपूर

मला हिंजवडीच्या प्रतिसादाला एक जोड द्यावीशी वाटते. अंदाज चुकणे हा लहान दोष आहे. तारखेच्या दडपणाखाली खरी माहिती दबणे हा मोठा दोष आहे, आणि त्याची किंमत माणसांच्या जिवाने मोजावी लागते. २७ जानेवारी १९८६ च्या संध्याकाळी अमेरिकेतील मॉर्टन थायोकोल या रॉकेट बनवणाऱ्या कंपनीच्या अभियंत्यांनी नासाला सांगितले होते की इतक्या थंडीत रॉकेटच्या सांध्यांतील रबरी कड्यांवर भरवसा ठेवता येणार नाही, चॅलेंजर यानाचे उड्डाण करू नये. उड्डाण आधीच लांबत आले होते. नासाच्या अधिकाऱ्यांनी नाराजी दाखवली, तेव्हा कंपनीच्या व्यवस्थापकांनी आपसांत चर्चा करून आपल्याच अभियंत्यांचे मत बाजूला सारले आणि संमती कळवली. दुसऱ्या दिवशी उड्डाणानंतर ७३ सेकंदांत यान नष्ट झाले आणि सातही अंतराळवीर मृत्युमुखी पडले. तिथे प्रमुख होते, जाहीर तारीख होती, माहितीही होती; ती मांडणाऱ्याला काम थांबवण्याचा अधिकार तेवढा नव्हता.

चाकणच्या लेखकांना माझा प्रश्न असा आहे. जपानी पद्धतीने चालणाऱ्या वाहन कारखान्यांत दोष दिसला की असेंब्ली लाइनवरचा साधा कामगार अँडनची, म्हणजे इशारा देण्याची, दोरी ओढून लाइन थांबवू शकतो, हे आपल्याला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. जो अधिकार एका बोल्टसाठी कामगाराला मिळतो, तो संपूर्ण प्रकल्पासाठी अभियंत्याला का मिळू नये?

प्रतिसाद: यंत्र अभियंता, चाकण (मूळ लेखक)

सर्वांनी विषयाला धरून लिहिले, याबद्दल आभार. कोल्हापूरच्या निवृत्त अभियंत्यांचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. तारीख ठरवणाऱ्याने ती पार पडेपर्यंत जागा सोडू नये, ही अट माझ्या मांडणीला जोडून घ्यावी.

नागपूरच्या प्रश्नाचे उत्तर मात्र मी वेगळे देईन. लाइनवर दोरी ओढली जाते तेव्हा दोष डोळ्यांसमोर असतो, गट प्रमुख तिथे धावत येतो आणि बहुतेक वेळा लाइन प्रत्यक्ष थांबण्याआधीच अडचण सुटते. प्रकल्पातला धोका तसा दिसत नसतो. एकाला जो धोका वाटतो तो दुसऱ्याला नेहमीची अडचण वाटते. प्रत्येकाला थांबवण्याचा अधिकार दिला, तर साच्याच्या पोलादाची किंमत वाढली म्हणून खरेदी विभाग थांबवेल आणि मापाच्या अहवालात शंका आली म्हणून गुणवत्ता विभाग थांबवेल. सुरक्षिततेचा प्रश्न असेल तर थांबवण्याचा अधिकार प्रत्येकाला असावा, याबद्दल माझे दुमत नाही. १२ जुलै २००९ रोजी दिल्लीत जमरूदपूर येथे मेट्रोचा बांधकामाधीन भाग कोसळून सहा जण मरण पावले, तेव्हा श्रीधरन यांनी नैतिक जबाबदारी घेऊन राजीनामा दिला होता. मुख्यमंत्री शीला दीक्षित यांनी तो स्वीकारला नाही. एकाच माणसाकडे अधिकार असण्याचा अर्थ मी हाच घेतो: अपघाताचे उत्तर कनिष्ठ अभियंत्याला द्यावे लागू नये.

प्रतिसाद: सॉफ्टवेअर प्रकल्प व्यवस्थापक, हिंजवडी

राजीनामा देण्याची तयारी ही मोठी गोष्ट आहे, पण ती घटना घडून गेल्यानंतरची आहे. कोकण रेल्वेच्या मऊ मातीतल्या बोगद्यांत १९ जणांचे प्राण गेले. तिथे मेलेल्या कामगारांना, प्रमुख पुढे जबाबदारी घेतो की नाही, याचा काही उपयोग नव्हता. म्हणून मी आधीच्या टप्प्याबद्दल बोलतो आहे.

माझे म्हणणे अधिक नेमके करतो. अंतिम तारीख प्रमुखाची असू द्या, कारण ग्राहकाची तारीख संघ बदलू शकत नाही हे खरे आहे. परंतु त्या तारखेला काय काय तयार असेल, हे ठरवताना संघाचा शब्द शेवटचा असला पाहिजे. तीन महिन्यांत दहा गोष्टी होणार नसतील तर कोणत्या सहा होतील हे काम करणाऱ्यांनी सांगावे, आणि उरलेल्या चार ग्राहकाकडून सोडवून घेण्याचा अप्रिय संवाद प्रमुखाने करावा. आज हा संवाद कोणी करत नाही. दहाच्या दहा गोष्टींना होकार दिला जातो आणि चाचणीचा काळ कापून तारीख गाठली जाते. शिवाय प्रगतीच्या तक्त्यात पहिला लाल रंग लावणाऱ्याला त्या आठवड्यात बैठकीला न बोलावता प्रमुखाने स्वतः त्याच्या टेबलापाशी जावे आणि काय हवे ते विचारावे. एवढे केले तरी खरे रंग दिसू लागतात, हे मी माझ्या संघात पाहिले आहे.

प्रतिसाद: यंत्र अभियंता, चाकण (मूळ लेखक)

कामाचा आवाका कमी करणे आपल्या सॉफ्टवेअर क्षेत्रात शक्य आहे; आमच्याकडे दरवाजाच्या कडीचे दहापैकी सहा भाग देऊन गाडी बाहेर पडत नाही. तरीही पहिल्या ट्रायलची तारीख टूलरूमने द्यावी आणि त्यावरून मी अंतिम तारीख ग्राहकाशी बोलून घ्यावी, हा क्रम करून पाहायला माझी हरकत नाही. अंतिम तारीख मात्र मी मतदानाला टाकणार नाही.